दुर्मीळ फुलपाखरे आणि पतंग कसे शोधावेत : सह्याद्री आणि कोकणातील भटकंतीसाठी

फुलपाखरे पाहायला निघालेली बहुतेक मंडळी फुलांकडे जातात. घाणेरीचे रान दिसले की तिथे थांबतात, तासाभरात पंधरा-वीस जातींची छायाचित्रे मिळतात आणि घरी येऊन पाहावे तर त्या सगळ्या नेहमीच्याच निघतात. मीही पहिली काही वर्षे आंबोलीच्या खेपा अशाच केल्या. गॉडी बॅरन हे लाल ठिपक्यांचे, गडद हिरवट-तपकिरी फुलपाखरू मला पहिल्यांदा दिसले ते जंगलात नव्हे, तर सावंतवाडीकडच्या एका घराच्या अंगणात, आंब्यावर वाढलेल्या बांडगुळाकडे वीस मिनिटे मान वर करून पाहत असताना. त्याच्या अळ्या बांडगुळावर वाढतात हे वाचलेले होते, पण त्यासाठी बांडगुळाखाली उभे राहण्याची तसदी मी तोवर घेतली नव्हती. तेव्हापासून मी फुलपाखरामागे धावणे सोडले आणि त्याच्या खाद्यवनस्पतीपाशी थांबू लागलो. पुढे सांगितलेली पद्धत त्या बदलातून आलेली आहे.

दुर्मीळ कशाला म्हणायचे

शोधाला निघण्यापूर्वी हा शब्द नीट तपासून घ्यावा, कारण तीन वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव देतो. काही जाती खरोखरच थोड्या जागेत राहतात. गोव्याचे राज्य फुलपाखरू असलेले मलबार ट्री निम्फ दाट सदाहरित जंगलाच्या सावलीत, ओढ्यांच्या आसपास, कागदाचा कपटा वाऱ्यावर तरंगावा तसे संथ उडते. ते पुण्याच्या टेकड्यांवर शोधण्यात अर्थ नाही. काही जाती केवळ कायद्याच्या यादीमुळे दुर्मीळ वाटतात. डॅनेड एगफ्लाय आणि क्रिमसन रोझ यांची नावे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या जुन्या अनुसूची १ मध्ये होती, पण ही दोन्ही फुलपाखरे पावसाळ्यात आणि त्यानंतर गावाच्या वेशीवरही दिसू शकतात. तिसरा गट मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या जाती आपल्या अवतीभोवती असतात, मात्र त्या जिथे राहतात तिथे कोणी पाहत नाही.

एपफ्लाय हे या तिसऱ्या गटाचे उत्तम उदाहरण आहे. हे करड्या रंगाचे, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडेसेच मोठे फुलपाखरू आहे. त्याची अळी पाने खात नाही, तर पिठ्या ढेकूण खाते. त्यामुळे जास्वंदीच्या किंवा पपईच्या झाडावर पिठ्या ढेकणाचा पांढरा कापूस दिसला की फवारणी करण्याआधी भिंग घेऊन तो तपासावा. त्या पांढऱ्या थरात त्याच थराने अंग माखून घेतलेली, हळूहळू सरकणारी अळी सापडते आणि जवळच्या पानावर किंवा फांदीवर तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा कोष असतो. त्या कोषाकडे वरून पाहिल्यास माकडाचा चेहरा दिसतो. डोळे, नाक, कपाळ असे सगळे त्यावर उमटलेले असते आणि फुलपाखराचे इंग्रजी नावही त्यावरूनच पडले आहे. मुंबई-पुण्यातल्या सोसायटीच्या बागेतही हे दृश्य पाहता येते.

घरी बसून करायचे काम

एका फेरीसाठी तीन किंवा चारच जाती निवडाव्यात. त्याहून अधिक जातींच्या मागे लागल्यास लक्ष विखुरते आणि दिवस पुन्हा घाणेरीपाशी संपतो. निवडलेल्या प्रत्येक जातीसाठी वहीत चार गोष्टी लिहाव्यात : अळीची खाद्यवनस्पती, अधिवास, उडण्याचा हंगाम आणि दिवसातील वेळ. ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ आणि ‘मॉथ्स ऑफ इंडिया’ या संकेतस्थळांवर जातवार माहिती आणि छायाचित्रे मिळतात, तर लोकांनी पाठवलेल्या निसर्गनोंदींच्या आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर एखादी जात आपल्या तालुक्यात कोणत्या महिन्यांत नोंदली गेली आहे ते पाहता येते. नकाशावर ठिपका नाही म्हणून ती जात तिथे नाही असे समजू नये. बऱ्याचदा तिथे कोणी गेलेलेच नसते.

सह्याद्री आणि कोकणासाठी काही जोड्या सांगतो, कारण त्या पाठ असतील तर वाटेवरचे प्रत्येक झाड काही सांगू लागते. सापसनाच्या वेलीवर सदर्न बर्डविंग आणि क्रिमसन रोझ अंडी घालतात. चिंचेवर ब्लॅक राजा वाढते, तेंदूवर म्हणजे टेंभुर्णीवर बॅरोनेट, उंबराच्या कुळातील झाडांवर कॉमन मॅप, कारवीवर ब्लू ओकलीफ आणि घोळीच्या भाजीवर डॅनेड एगफ्लाय. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेली राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉर्मन, लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढते. बांडगुळावर तर गॉडी बॅरन, कॉमन जेझेबेल आणि पीकॉक रॉयल अशी तिन्ही मिळतात. पतंगांमध्ये ऐनावर टसर रेशमाचा पतंग, कण्हेर आणि तगरीवर ओलिअँडर हॉकमॉथ आणि तिळावर डेथ्स हेड हॉकमॉथ वाढतो. विदर्भात भंडारा-गडचिरोलीकडे ऐनाच्या रानात टसरचे कोसे घेणाऱ्या कुटुंबांना यातले पुष्कळ काही आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. त्यांच्याशी बोलण्याची संधी मिळाली तर ती सोडू नये.

या पद्धतीला आपल्याच किनाऱ्यावर जुना आधार आहे. टी. आर. बेल हे वनाधिकारी कारवारला दीर्घकाळ राहिले. त्यांनी शेकडो जातींच्या अळ्या शोधून पाळल्या आणि कोणती अळी काय खाते याच्या बारीक नोंदी केल्या. हॉकमॉथ पतंगांवर त्यांनी एफ. बी. स्कॉट यांच्यासह केलेले काम १९३७ साली प्रसिद्ध झाले, आणि आजही खाद्यवनस्पतींच्या याद्यांमध्ये त्यांच्या नोंदी वापरल्या जातात.

नेहमीच्या जातीवर नजर तयार करणे

दुर्मीळ जातीची अळी पहिल्याच प्रयत्नात सापडत नाही, कारण नजरेला तो आकार माहीत नसतो. म्हणून तिच्या नेहमी दिसणाऱ्या नातलगावर सराव करावा. गॉडी बॅरनसाठी हा सराव आंब्याच्या कोणत्याही झाडावर होतो, कारण कॉमन बॅरनची अळी आंब्याची पाने खाते.

आंब्याची खालची, हाताला येणारी फांदी निवडावी आणि पानाला हात न लावता एकेक पान वरून पाहावे. अळी पानाच्या मधल्या शिरेवर लांबलचक पडून असते. तिचा रंग पानासारखा हिरवा असतो, पाठीवरून एक फिकट पिवळसर रेघ गेलेली असते आणि ती रेघ पानाच्या शिरेशी तंतोतंत जुळते. अंगाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारख्या काट्यांची झालर असते. ती पानावर सपाट पसरलेली असल्यामुळे अळीची सावलीसुद्धा पडत नाही. पहिल्या दिवशी मला दोनशेहून अधिक पाने पाहावी लागली. एकदा दिसल्यावर मात्र त्याच फांदीवर आणखी दोन सापडल्या, ज्यांवरून माझी नजर आधी तीनदा फिरून गेली होती. पानाची कड एका बाजूने कुरतडलेली असणे आणि खालच्या पानावर ताजी विष्ठा पडलेली असणे या दोन खुणा अळीपेक्षा आधी दिसतात. त्यांवरून शोध सुरू करावा.

हा सराव झाल्यावर बांडगुळाकडे वळावे. बांडगूळ उंचावर असते, त्यामुळे दुर्बीण लागते. आठ पट मोठे दाखवणारी आणि दोन मीटरवरही स्पष्ट दिसेल अशी दुर्बीण या कामाला पुरते. घाटरस्त्याच्या कडेला दरीकडच्या बाजूची झाडे निवडल्यास त्यांचा शेंडा आपल्या डोळ्यांच्या पातळीवर येतो आणि मान मोडत नाही. मादी अंडी घालायला येते तेव्हा ती फुलांकडे ढुंकूनही पाहत नाही. ती पानांना पायाने स्पर्श करत, क्षणभर टेकत, पुन्हा उठत झाडाभोवती फिरते. असे उडणे दिसले की छायाचित्राची घाई करू नये आणि ती कोणत्या पानावर पोट वाकवते एवढेच लक्षात ठेवावे.

मुंग्याही वाट दाखवतात. झाडाची पाने शिवून घरटी बांधणाऱ्या तांबड्या मुंग्यांना कोकणात अनेक ठिकाणी हुमले म्हणतात. रेडस्पॉट नावाच्या निळ्या कुळातील फुलपाखराची अळी या मुंग्यांच्या सहवासात वाढते. त्यामुळे हुमल्यांची घरटी असलेल्या झाडापाशी, थोडे अंतर राखून, सकाळी अर्धा तास थांबणे कारणी लागते. बोरीच्या झाडावर मुंग्यांची विनाकारण वर्दळ दिसली तर तिथे कॉमन सिल्व्हरलाइनची अळी असण्याची शक्यता तपासावी.

ऋतू, ऊन आणि घड्याळ

सह्याद्रीत भाद्रपदाच्या उत्तरार्धापासून कार्तिकापर्यंतचा काळ फुलपाखरांसाठी सर्वोत्तम असतो. पाऊस ओसरलेला असतो, पाने कोवळी असतात आणि अळ्यांची एक पिढी नुकतीच पंख घेऊन बाहेर पडलेली असते. भर पावसाळ्यातही उघडीप मिळाल्यास जावे, कारण तीन दिवसांच्या झडीनंतर तासभर ऊन पडले की दबून बसलेली फुलपाखरे एकाच वेळी पंख तापवायला बाहेर येतात. माझ्या अनुभवात त्या एका तासाची बरोबरी हिवाळ्यातली पूर्ण सकाळ करू शकत नाही.

मार्च ते मे या महिन्यांत डोंगर करपलेला दिसतो म्हणून अनेक जण घरी राहतात, पण ओढ्यांकाठचे चिखलपान पाहण्याचा काळ तोच आहे. पाणी आटत आलेल्या ओहोळाच्या ओल्या वाळूवर, विशेषतः गुरे पाण्यावर येतात तिथे, सकाळी दहा ते दुपारी एकच्या दरम्यान नर फुलपाखरे क्षार शोषायला उतरतात. थव्यात ‘ब्लूबॉटल’ आणि ‘जे’ या फुलपाखरांची गर्दी असते आणि त्या गर्दीच्या कडेला एखादे वेगळे स्वॉर्डटेल बसलेले असते. थव्याच्या मध्यभागी चालत जाऊ नये. पाच-सहा मीटरवर खाली बसावे, सावली थव्यावर पडू देऊ नये आणि एकेक फुलपाखरू डावीकडून उजवीकडे मोजत जावे.

कोरड्या महिन्यांत आणखी एक अडचण येते. काही जातींचे पावसाळी आणि उन्हाळी रूप इतके वेगळे असते की एकच जात दोन वाटाव्यात. कॉमन इव्हिनिंग ब्राउनच्या पंखाखालचे डोळ्यांसारखे ठिपके पावसाळ्यात ठळक असतात आणि उन्हाळ्यात जवळजवळ नाहीसे होऊन सुक्या पानाचा रंग येतो. नवीन काही सापडले असे वाटले की आधी हे तपासावे.

गडमाथा

आपल्याकडे गडकिल्ल्यांवर जाणारे हजारो लोक आहेत आणि त्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की माथा हे फुलपाखरांचेही भेटीचे ठिकाण असते. ज्या जाती विरळ पसरलेल्या असतात त्यांचे नर उंच जागा धरून बसतात आणि माद्या तिथे येतात. ब्लॅक राजा हा असाच माथ्यावरचा रहिवासी आहे. बुरुजाच्या कडेच्या झुडपाची एक फांदी तो पकडतो, समोरून जाणाऱ्या प्रत्येक फुलपाखरावर, कधी पाखरावरही, झेपावतो आणि पुन्हा त्याच फांदीवर येऊन बसतो. त्यामुळे त्याच्या मागे पळण्याची गरज नसते. तो उडाला तर जागेवरून हलू नये, दोन मिनिटांत तो परत येतो. साडेदहा ते दोनच्या दरम्यान माथ्याच्या सर्वांत उंच झुडपांपाशी एकच जागा धरून तासभर बसावे. गड पाहून लगेच उतरणाऱ्यांना हे कधीच दिसत नाही.

राजा, नवाब आणि बॅरन ही मंडळी फुलांवर सहसा येत नाहीत. त्यांच्यासाठी अति पिकलेली केळी गुळाच्या पाण्यात दोन दिवस आंबवून जाड फांदीवर किंवा दगडावर लावता येतात. हे आमिष अभयारण्यात परवानगीशिवाय ठेवू नये आणि इतरत्रही निघताना उरलेले उचलून न्यावे. खुळखुळा आणि भुरुंडी ही झाडे वाळली की त्यांच्या खोडांवर टायगर आणि क्रो जातीचे नर जमतात, कारण मादीला आकर्षित करणारा गंध बनवण्यासाठी त्यांना या वनस्पतींतील अल्कलॉइड नावाची रसायने लागतात. वाळलेले झुडूप म्हणून ते वगळू नये.

रात्रीचा पडदा

भारतात फुलपाखरांच्या जाती सुमारे तेराशे असतील, तर पतंगांच्या दहा हजारांहून अधिक आहेत. त्यामुळे आजवर कोणी फारसे न पाहिलेले काही आपल्या गावात सापडण्याची शक्यता दिवसापेक्षा रात्री कितीतरी जास्त असते. साधन साधे आहे : दोन झाडांमध्ये किंवा काठ्यांवर ताणून बांधलेली पांढरी सुती चादर आणि तिच्यापुढे दिवा. घरातील साध्या एलईडी बल्बमध्ये अतिनील प्रकाश जवळजवळ नसतो, त्यामुळे तो फारसा उपयोगी पडत नाही. १६० वॅटचा मर्क्युरी व्हेपर बल्ब चोकशिवाय साध्या होल्डरमध्ये लागतो आणि जोरदार काम करतो. वीज नसेल तिथे पॉवर बँकेवर चालणारी अतिनील एलईडी पट्टी वापरावी, मात्र तिच्याकडे थेट पाहू नये. मर्क्युरी बल्ब खूप तापतो आणि त्यावर पावसाचा थेंब पडला तरी काच फुटते, म्हणून वर पत्र्याचे किंवा छत्रीचे आच्छादन हवेच.

रात्र निवडताना अमावस्येच्या आसपासची, ढगाळ, दमट आणि वारा नसलेली रात्र घ्यावी. पौर्णिमेच्या चांदण्यात दिव्याचा प्रभाव कमी होतो आणि वाऱ्यात चादर फडफडून पतंग टिकत नाहीत. वळवाच्या पहिल्या सरींनंतरचे आठवडे आणि नंतर सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ उत्तम असतो. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर राष्ट्रीय पतंग सप्ताह या नावाने पतंगांच्या नोंदी केल्या जातात. २०१२ साली सुरू झालेल्या या उपक्रमात आपल्या अंगणातूनही भाग घेता येतो.

पहिल्या दोन तासांत चादर भरते आणि लोक समाधानाने झोपायला जातात. मोठे पतंग पाहायचे असतील तर ही चूक करू नये, कारण मून मॉथ आणि अ‍ॅटलस मॉथ अनेकदा मध्यरात्रीनंतर येतात. आंबोलीच्या बाजूला एका पावसाळी रात्री दीड वाजता चादरीच्या खालच्या कोपऱ्यात फिकट पोपटी रंगाचे काहीतरी फडफडले. आधी वाटले, पान उडून आले. जवळ गेल्यावर दोन लांब शेपट्या दिसल्या, पुढच्या पंखांची जांभळट-तांबडी कड दिसली आणि पिसांसारख्या मिश्या थरथरताना दिसल्या. मून मॉथला आणि अ‍ॅटलसला प्रौढावस्थेत खाण्यासाठी उपयुक्त असे तोंड नसते. अळीपणी साठवलेल्या ताकदीवर त्यांना काही दिवस काढायचे असतात आणि त्या दिवसांत जोडीदार शोधायचा असतो. म्हणूनच अशा पतंगाला हातावर बसवून छायाचित्रे काढण्यात रात्र घालवू देऊ नये. चार-पाच छायाचित्रे झाली की दिवा बंद करावा.

दिवा पहाटेपर्यंत ठेवायचा झाल्यास उजाडण्याच्या आधी तासभर तो बंद करावा आणि चादर हलकेच झटकून पतंग झुडपांत सोडावेत. कोतवाल आणि बुलबुल यांना चादरीची सवय लागली की ते पहाटे येऊन एकेक करून सगळे वेचून खातात.

काळजीच्या काही गोष्टी इथेच सांगतो. दिव्यावर भुंगेरेही येतात आणि कानात शिरतात, म्हणून कानात कापूस घालावा. अंगावर बसलेला बारीक, नारिंगी-काळा, मुंगीसारखा किडा चिरडू नये, त्याच्या स्रावाने त्वचेवर भाजल्यासारखे फोड येतात. त्याला फुंकर मारून उडवावे. केसाळ अळ्यांना हात लावू नये. कोकणात फुरसे आणि घाटमाथ्यावर चापडा हे विषारी साप असतात आणि चापडा झुडपांत बसलेला असतो, म्हणून गमबूट, हातात विजेरी आणि पाय टाकण्याआधी जमीन पाहणे ही शिस्त पाळावी. दोडामार्ग आणि गोव्यातील सत्तरी या भागांत उन्हाळ्याच्या तोंडी गोचिडींमुळे माकडतापाचा धोका असतो. तिथे पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि परतल्यावर अंगावर गोचीड नाही याची खात्री करावी. राखीव जंगलात रात्री थांबण्यासाठी वनखात्याची परवानगी आधी घ्यावी, आणि गावठाणाजवळ दिवा लावायचा तर गावात सांगून लावावा. रानात रात्री उजेड दिसला की लोकांना काळजी वाटणे साहजिक आहे.

ओळख पक्की करणे

वरची आणि खालची अशी पंखांच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, पतंगांच्या बाबतीत मिश्यांचेही घ्यावे. दुर्मीळ म्हणून जाहीर केलेल्या नोंदींपैकी पुष्कळ नोंदी एका बाजूच्या छायाचित्रावर अडतात. डॅनेड एगफ्लायची मादी सगळीकडे आढळणाऱ्या प्लेन टायगरची इतकी हुबेहूब नक्कल करते की ती उडताना फरक कळत नाही. बसल्यावर मागच्या पंखाकडे पाहावे : प्लेन टायगरच्या पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतात, तर एगफ्लायच्या मादीला वरच्या कडेशी एकच ठिपका असतो. मी जवळपास वर्षभर अशा माद्यांना प्लेन टायगर म्हणून वहीत लिहीत होतो, जुनी छायाचित्रे पुन्हा तपासली तेव्हा त्यांपैकी तीन एगफ्लाय निघाल्या.

कीटक पकडून, मारून ओळखण्याची पद्धत हौशी निरीक्षकासाठी नाही. संरक्षित जाती पकडणे हा गुन्हा आहे आणि अभयारण्यात तर कोणताही कीटक उचलता येत नाही.

नोंद

तारीख, वेळ, ठिकाण, हवामान, झाडाचे नाव आणि कीटक काय करत होता, एवढे त्याच दिवशी लिहावे. एका ठरावीक पायवाटेवरून दर पंधरवड्याला एकाच वेगाने चालत, दोन्ही बाजूंच्या अडीच मीटरच्या आणि पुढच्या पाच मीटरच्या आत दिसलेली फुलपाखरे मोजणे ही पोलार्ड पद्धत आहे. ती शिकायला एक सकाळ पुरते. काही दिसले नाही तर शून्यही लिहावे. माझ्या वहीत बांडगुळापाशी घालवलेल्या अकरा सकाळी आहेत आणि त्यांपैकी सात सकाळींपुढे शून्य आहे. त्या सातांवरूनच मला कळले की गॉडी बॅरन तिथे दहाच्या आधी येत नाही.

नोंद प्रसिद्ध करताना ठिकाण नेमके देऊ नये. आयनॅचरलिस्टवर ते धूसर ठेवण्याची सोय आहे आणि संशोधकांना हवे असल्यास ते विचारतात. त्या आंब्याच्या मालकांना मात्र मी सगळे सांगितले. बांडगूळ झाडाचा रस शोषते म्हणून ते दरवर्षी छाटतात आणि त्यांचे म्हणणे खरेही आहे. यंदा छाटणी करताना त्यांनी रस्त्याकडच्या फांदीवरचा एक झुपका ठेवला आहे, आणि ऑक्टोबरमध्ये त्याच्या खालच्या पानांवर मला दोन अळ्या दिसल्या.